आमचं खेळायचं टेबल एकदाचं झालं

गणपती गेले, पाहुणे गेले, घर परत शांत झालं, आता टेबलाबद्दल लिहायला वेळ मिळालाय. आठ महिने शनिवार-रविवार मी याच एका गोष्टीच्या मागे होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिणार आहे.

सुरुवात झाली ती लाकडापासून. नौपाड्यातली आमची जुनी दुमजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा पाडकामवाल्याला वेगळे पैसे देऊन मी आमच्या घराची दोन दारं आणि एक चौकट मागून घेतली होती. सगळं सागवान. वरून ऑइल पेंटचे एवढे थर की लाकूड आहे की पत्रा ते कळू नये, आधी हिरवा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली परत एक निळसर. वर्तकनगरच्या भाड्याच्या घरात ते दोन वर्षं गॅलरीत उभं होतं आणि बायको रोज विचारायची याचं काय करणार आहेस. काय करायचं ते मला पहिल्यापासून माहीत होतं. बाबांचा जुना कॅरम आणि माझ्या मुलीचा बुद्धिबळ, दोन्ही एकाच टेबलात.

बाबा नौपाड्यात असताना रात्री जेवणं झाली की कॉमन गॅलरीत पिवळ्या बल्बखाली कॅरम लागायचा, चार जण खेळायला आणि सहा जण सांगायला. नवीन घरी कॅरम कपाटाच्या मागे गेला आणि बाबा संध्याकाळी नुसते मोबाईल बघत बसायला लागले. मुलगी चेस शिकते, पण तीसुद्धा टॅबवरच खेळते. मला हे दोघं समोरासमोर बसलेले बघायचे होते, एवढंच.

आता मापं. कॅरमचा खेळायचा भाग नियमाप्रमाणे साडेत्र्याहत्तर ते ७४ सेंटीमीटर चौरस असतो, बाबांचा बोर्ड बरोबर ७४ चा निघाला. दोन्ही बाजूंची लाकडी चौकट धरली की ८८ होतात, म्हणजे टेबल ८८ बाय ८८. उंची जरा विचार करून ठरवली, कारण डायनिंग टेबल साधारण ७५ सेंटीमीटरचं असतं आणि त्यावर कॅरम खेळलं की खांदे वर येतात, स्टँडची उंची नियमात ६३ ते ७० मध्ये सांगितलेली आहे, मी कॅरम ६६ वर बसवला आणि त्यावर उचलता येणारं झाकण ठेवलं. झाकणाच्या मधोमध बुद्धिबळाचा पट. साडेपाच सेंटीमीटरचं घर धरलं तर आठ घरांचे ४४ होतात, चारी बाजूंना २२-२२ उरतात, मारलेली प्यादी ठेवायला आणि कोपर टेकायला भरपूर.

आमच्या एरियात एक सुतारकाका आहेत, सत्तरीचे, आता जड काम करत नाहीत पण त्यांच्या दुकानात मला रविवारी जागा दिली त्यांनी. पहिल्याच दिवशी मी रंधा घेऊन चौकटीवर मारायला गेलो तर त्यांनी हात धरला. म्हणाले, "थांबा, आधी लोहचुंबक फिरवा. जुनं लाकूड आहे, पोटात खिळे असतात." फिरवलं तर एका चौकटीत अकरा खिळे निघाले, काही डोकं तुटून आत गेलेले, वरून काहीच दिसत नव्हतं. ते सगळे काढण्यात एक अख्खा रविवार गेला. पण पेंट उतरल्यावर पहिला रंधा मारला आणि जी लांब साल निघाली, मधासारखी, तेलकट, आणि तो सागाचा वास! आमच्या दारातून आतून इतकं ताजं लाकूड निघेल असं वाटलं नव्हतं. बाबांना एक साल घरी नेऊन दाखवली, त्यांनी नाकाशी धरली आणि खूप वेळ हातातच ठेवली.

सागाची एक गोष्ट काकांनी सांगितली ती लिहून ठेवतो. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे नुसता फेविकॉल लावून जोड दिला तर कधी कधी पकडत नाही, चिकटवायच्या जरा आधी जोडाची जागा थिनरने पुसून घ्यायची. शिवाय सागात सिलिका असते, पटाशीची धार भराभर जाते, दर अर्ध्या तासाला दगडावर घासत बसायचं.

पाय आणि आडव्या पट्ट्यांचे जोड खाच पाडून केले, एकही स्क्रू नाही, कारण कॅरमच्या टेबलावर माणसं रेलतात, स्ट्रायकर जोरात बसतो, टेबल जरासुद्धा हललं तर खेळात मजा नाही. पाणसळ लावून चारी पाय सारखे केले. यात तीन रविवार गेले, जास्त सांगण्यासारखं नाही.

पटाचं मात्र सांगतो. चौसष्ट घरं एकेक कापून बसवायची नसतात हे मलाही आधी माहीत नव्हतं. शिसमाच्या चार आणि शिवणीच्या चार लांब पट्ट्या (शिवण म्हणजे ते फिकट पिवळसर लाकूड) आलटून पालटून शेजारी चिकटवायच्या, वाळल्यावर ते सगळं आडवं कापायचं म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांच्या आठ नव्या पट्ट्या मिळतात, मग एक सोडून एक पट्टी उलटी फिरवली की पट तयार. ऐकायला सोपं. पण प्रत्येक पट्टीत अर्धा मिलिमीटर चुकलात तर आठव्या घरापर्यंत चार मिलिमीटर जातात आणि कोपरे जुळत नाहीत, माझा पहिला पट असाच गेला. दुसऱ्या वेळी प्रत्येक कापाआधी गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार) लावला. दुसऱ्यांदा चिकटवताना लाकडाची टोकं टोकांना भिडतात आणि तो जोड कच्चा असतो, म्हणून पट्ट्या तीनच मिलिमीटर जाड ठेवल्या आणि खाली प्लाय दिला. आणि हो, खेळणाऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे, झाकण ठेवताना मुलगी दर वेळी तपासते.

आता पॉलिश. सगळ्यांनी सांगितलं पीयू मार नाहीतर मेलामाईन मार, पाणी पडलं, गरम पडलं तरी काही होत नाही. खरं आहे ते. पण त्यावर एकदा चरा गेला की तेवढ्यापुरतं नीट करता येत नाही, सगळं घासून परत करावं लागतं, परत माणूस बोलवा. मला असं पॉलिश हवं होतं जे मी घरी बसून दहा मिनिटांत दुरुस्त करू शकेन, कारण हे टेबल वापरायला केलंय, त्यावर मुलं येणार, चहा येणार, चकल्या येणार. म्हणून लाखेचं पॉलिश. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे जो राळेसारखा थर धरतात त्याची ही चपडी, मधाच्या रंगाच्या पातळ कपच्या असतात, त्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायच्या आणि सकाळी मलमलीतून गाळून घ्यायच्या. विरघळवून फार दिवस ठेवलं तर ते पॉलिश नीट वाळत नाही, लागेल तेवढंच करायचं.

लाकूड ८०, १२०, १८०, २२० असा सँडपेपर मारत आणलं, शेवटी ३२०. मग कापसाचा बोळा, त्यावर बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा, बोटाने एक थेंब जवसाचं तेल, आणि गोल गोल, मग इंग्रजी आठाच्या आकारात हात फिरवायचा. हात कुठेही थांबवायचा नाही, थांबलात की बोळा तिथेच चिकटतो आणि डाग पडतो. काका म्हणाले, "पाटी पुसतो तसा हात येऊन जाऊ द्या, दाबू नका." दहा-बारा हात झाले तेव्हा शिसमाची घरं आतून लालसर पेटल्यासारखी दिसायला लागली.

आणि इथेच मी घाई केली. गणपतीला टेबल पाहिजे होतं, श्रावण चालू, बाहेर धो धो पाऊस, काका म्हणाले होते चार दिवस थांबा, उघाडी मिळू द्या, मी ऐकलं नाही. रात्री दोन हात मारून झोपलो, सकाळी बघतो तर अर्ध्या झाकणावर पांढरट ढग, काचेवर श्वास सोडल्यासारखा, आणि तो पुसला जाईना. पोटात खड्डा पडला माझ्या. काकांना फोन केला. स्पिरिट उडताना लाकडाचा वरचा भाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, वर स्पिरिटपण पाणी ओढून घेतं, ते लाखेत अडकलं की असं पांढरं दिसतं, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. "पॉलिश गेलेलं नाही. खोली कोरडी करा आणि नुसत्या स्पिरिटचा हात द्या."

झाकण बेडरूममध्ये आणलं, तीन तास एसी ड्राय मोडवर लावला, मग तो बंद केला, आईने देवापुढचं निरांजन स्वतःच विझवलं कारण स्पिरिट म्हणजे आगीचं काम. बोळ्यावर स्पिरिट इतकं कमी की गालाला लावलं तर फक्त गार लागेल. पहिला हात गेला आणि ढग कडेने मागे सरकायला लागला, खालून परत लाल शिसम वर आलं. वाळलेली लाख स्पिरिट लागलं की परत मऊ होते, आत अडकलेलं पाणी निघून जातं आणि थर परत एकजीव बसतो. आई दारात उभी होती, ती नुसतं म्हणाली, "आलं रे."

गणपतीत पाचही रात्री टेबल रिकामं नव्हतं. नौपाड्याच्या बिल्डिंगमधले तिघं जण आले, एक तर पार डोंबिवलीहून, आणि बाबा रात्री दीड वाजता राणी कव्हर करून असे ओरडले की खालचा वॉचमन वर बघून गेला. दिवसा झाकण ठेवून मुलगी आणि बाबा चेस. ती त्यांना हरवते, त्यांना त्याचं फार कौतुक.

गेल्या रविवारी झाकणावर पेपर पसरलेला दिसला. उचलला तर खाली चहाच्या कपाचा गोल पांढरा डाग, बरोबर चार घरांवर. बाबा म्हणाले, "अरे, माझ्याच हातून झालं, तुझं एवढं काम..." मी म्हटलं बाबा थांबा, आणि कपाटातून बोळा काढला. मग माझ्याऐवजी त्यांनाच दिला. आधी हात थबकत होता, पण चौथ्या-पाचव्या फेरीला जमलं. डाग गेला.

ड्रॉवर करायचाय अजून, सोंगट्या डब्यात पडून आहेत. झाकणाच्या खालच्या बाजूला सारीपाट काढायचाय. पटाच्या एका पायात, म्हणजे फाट्यात, तीन ओळी, प्रत्येकी आठ घरं, म्हणजे मधला चौक धरून आडवी एकोणीस घरं होतात, चार सेंटीमीटरचं एक घर धरलं तर ७६ मध्ये मावतंय. पेन्सिलने आखून झालंय. खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाटात हरला आणि बारा वर्षं बाणाईकडे जाऊन राहिला ती गोष्ट आईने मुलीला सांगितल्यापासून ती रोज विचारते, कधी रंगवायचं. पाऊस थांबला की.