दाराशेजारचे मेज

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा काय लिहायचे हा प्रश्न मला पडलाच नाही. शालान्त परीक्षेच्या निकालांविषयी, आंतरशालेय स्पर्धांतील ढालींविषयी आणि स्नेहसंमेलनांविषयी माझे सहाध्यायी लिहितील, आणि ते योग्यच आहे. मला मात्र पहिल्या मजल्यावर, प्रयोगशाळेला लागून असलेल्या ग्रंथालयातील दाराशेजारच्या मेजाविषयी आणि त्या मेजावर पुस्तके मांडणाऱ्या आपल्या ग्रंथपाल बाईंविषयी लिहायचे आहे. मी आज ज्या व्यवसायात आहे, तो मला त्या मेजापाशी सापडला.

बाई येण्यापूर्वीचे ग्रंथालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती कपाटांची रांग आठवत असेल. पुस्तके उत्तम होती आणि वर्गांकानुसार, म्हणजे विषयाला दिलेल्या क्रमांकानुसार, काटेकोरपणे लावलेली होती. परंतु आपल्याला काय हवे आहे हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असले पाहिजे, असे ती व्यवस्था गृहीत धरत असे. ज्याला पुस्तकाचे नाव सांगता येत नसे, त्याच्या वाट्याला केवळ पुस्तकांचे कणे, म्हणजे बांधणीच्या बाजूच्या कडा, येत, आणि त्यांतीलही पुष्कळ कणे पुनर्बांधणीनंतर एकाच तपकिरी रंगाचे झालेले होते. बाईंनी कपाटांना हात लावला नाही. प्रयोगशाळेतून बाद झालेले एक लांब मेज त्यांनी मुख्याध्यापकांकडून मागून घेतले, देवघेवीच्या खिडकीकडे जाणाऱ्या वाटेवर ते अशा बेताने ठेवले की पुस्तक परत करायला येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोरून जाईल, आणि त्यावर साधे निळे कापड अंथरले. खोक्यांवर कागद चिकटवून केलेले तीन-चार ठोकळे आणि पुठ्ठ्याच्या घड्या घालून केलेले टेकू यांपलीकडे त्या मांडणीसाठी कधीही काही लागले नाही.

तीन फुटांच्या फळीवर कणा दर्शनी ठेवून लावली तर चाळीसच्या आसपास पुस्तके सहज बसतात. तीच मुखपृष्ठ समोर ठेवून मांडली तर जेमतेम सहा. हा हिशेब बाईंनी आम्हाला पट्टीने मोजून करायला लावला होता. सगळी पुस्तके मुखपृष्ठ दाखवून ठेवणे कोणत्याही ग्रंथालयाला परवडणारे नाही, म्हणून निवड करावी लागते, आणि निवड करायची तर तिला काही सूत्र हवे, हे त्यांनी त्या एका मोजमापातून आमच्या मनावर कायमचे ठसवले. त्यांच्या मेजावर एका वेळी बारा ते पंधराच पुस्तके असत. जागा शिल्लक असली तरी त्या सोळावे ठेवू देत नसत, कारण दाटीवाटीने मांडलेल्या पुस्तकांपैकी एकावरही नजर ठरत नाही, असे त्यांचे मत होते.

सूत्र कसे निवडावे यातच बाईंची खरी प्रतिभा होती. अमेरिकन ग्रंथपाल मेलविल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात पुस्तके ज्ञानशाखेनुसार विभागली जातात. त्यामुळे एकाच गोष्टीविषयीची पुस्तके निरनिराळ्या कपाटांत विखुरतात. वर्गीकरणाचा तो दोष आहे असे बाई कधी म्हणाल्या नाहीत. उलट, मेजाचे काम नेमके तिथून सुरू होते, असे त्या सांगत. आठवीच्या वर्षी ग्रंथालयाच्या तासाला त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘रात्र’, आणि आम्हाला गटागटाने कपाटांकडे पाठवले. ताऱ्यांची पुस्तके ५२० या वर्गांकात सापडली, घुबडांचे ५९८ मध्ये, वटवाघळांचे ५९९ मध्ये, झोपेत शरीरात काय घडते हे सांगणारे ६१२ मध्ये आणि भुतांच्या लोककथा ३९८ मध्ये. कुणी दीपगृहांवरचे पुस्तक आणले, कुणी चांदण्यावरच्या कविता आणल्या, तर एकीने विजेच्या दिव्याच्या शोधाविषयीचे एक पातळ पुस्तक आणले, ज्याकडे एरवी कुणाचेही लक्ष गेले नसते. एका शब्दाभोवती सबंध ग्रंथालय गोळा होऊ शकते, हे मी त्या तासाला प्रथम पाहिले. किमान चार कपाटांतून पुस्तके मिळाली नाहीत तर तो विषय मेजावर घ्यायचा नाही, हा बाईंचा नियम होता. एकाच कपाटातील पुस्तके उचलून मेजावर ठेवण्याला त्या मांडणी म्हणतच नसत.

त्याच मांडणीच्या वेळचा एक प्रसंग मला सविस्तर सांगायचा आहे. तो लहान आहे, परंतु माझ्या दृष्टीने शाळेतील सर्व समारंभांपेक्षा मोठा आहे. नुकतेच विज्ञान प्रदर्शन होऊन गेले होते आणि तिथल्या ‘कृपया हात लावू नये’ अशा पाट्या ग्रंथालयात ठेवायला आल्या होत्या. आमच्या वर्गप्रतिनिधीने मांडणी नीट राहावी या सद्भावनेने त्यांपैकी एक पाटी मेजाच्या मधोमध उभी केली. बाई आल्या, त्यांनी पाटी वाचली, उचलली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहिले, ‘घरी न्यावे’. कुणालाही त्या रागावल्या नाहीत. मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा पुस्तक परत करायला आला आणि वटवाघळांच्या पुस्तकासमोर थांबला. तो बराच वेळ पाटीकडे आणि पुस्तकाकडे आळीपाळीने पाहत होता.

“बाई, खरंच नेऊ?” त्याने विचारले.

“ने की. त्यासाठीच मांडलंय.”

बाईंनी पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारीखपट्टी उघडली. तिच्यावर दोनच शिक्के होते, आणि तेही आम्ही शाळेत दाखल होण्याच्या आधीचे. तिसरा शिक्का त्यांनी अतिशय सावकाश, अगदी सरळ उमटवला. मुलगा निघून गेला आणि मेजाच्या मध्यभागी रिकामी जागा दिसू लागली. आम्ही दोन तास खपून केलेली मांडणी बिघडली म्हणून वर्गप्रतिनिधी खट्टू झाला होता. त्याच्याकडे पाहून बाई म्हणाल्या, “बिघडली नाही रे, आता कुठे सुरू झाली.” मग त्यांनी मेजाखालच्या खोक्यातून त्याच विषयावरचे राखीव पुस्तक काढून त्याच्या हातात दिले आणि ती जागा भरायला सांगितले. राखीव पुस्तके आधीच का काढून ठेवायची, हे आम्हाला त्या क्षणी उमगले. तो सहावीतला मुलगा पुढे बऱ्याच वेळा ‘तसंच आणखी एक’ मागत आला, आणि बाई त्याला ५९९ च्या फळीपाशी स्वतः घेऊन जात.

बाईंच्या कामातील बारकावे सांगायचे तर हा लेख पुरणार नाही, तरी काहींचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पुस्तक बांधणीसाठी पाठवण्यापूर्वी त्याचे मूळ मुखपृष्ठ त्या जपून काढून घेत आणि पुस्तक परत आल्यावर ते पुठ्ठ्यावर आतून चिकटवत. मांडणीच्या वेळी असे पुस्तक उघडे ठेवले की त्याचा हरवलेला चेहरा पुन्हा दिसे. मात्र कोणतेही पुस्तक पूर्ण सपाट उघडून ठेवायचे नाही, त्याने कणा तुटतो, ही ताकीद असे. मेज खिडकीजवळ कधीच नसे, कारण उन्हाने मुखपृष्ठांचे रंग उडतात आणि कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. शीर्षकाची पाटी दोन-तीन शब्दांची आणि दारातून वाचता येईल एवढ्या अक्षरांची असे. उंच पुस्तके मागे, ठेंगणी पुढे, आणि जे पुस्तक वर्षानुवर्षे कुणी नेलेले नाही ते नेमके नजरेच्या उंचीवर, म्हणजे मोठ्यांच्या नव्हे तर पाचवीतल्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर. कपाटातून काढलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या जागी ‘मेजावर आहे’ असे लिहिलेली पुठ्ठ्याची पट्टी उभी केली जाई, जेणेकरून शोधणाऱ्याची फेरी वाया जाऊ नये. साधारण पंधरा दिवसांनी विषय बदले. ज्याच्यातील पुस्तके कुणी नेत नसे तो विषय त्या आधीच उतरवत, आणि तसे करताना त्यांना जराही वाईट वाटत नसे.

बाई आम्हाला शि. रा. रंगनाथन यांच्याविषयी सांगत असत. गणिताचे अध्यापक असलेले हे गृहस्थ १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे त्यांतील दुसरे सूत्र सर्वांना चटकन पटते. बाईंचा जीव मात्र तिसऱ्या सूत्रावर होता: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचक निदान विचारू शकतो, पुस्तकाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी बोलले पाहिजे, असे त्या म्हणत. पुढे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीसाठी ही सूत्रे मी पुन्हा अभ्यासली तेव्हा इतरांना ती पाठ करावी लागली. मला तिसऱ्या सूत्राबरोबर तो सहावीतला मुलगा दिसत असे.

आज मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा प्रमुख आहे. संदर्भग्रंथांच्या त्या वास्तूतही दाराच्या आत एक मेज आहे. तिथली एक मांडणी बाईंना दाखवता आली असती तर मला फार आनंद झाला असता. विषय होता ‘कोसळलेले पूल’. अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल १९४० च्या जुलै महिन्यात खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्याने हेलकावे खात कोसळला. त्याच्या छायाचित्राभोवती आम्ही पूलबांधणीची, कंपनांच्या भौतिकशास्त्राची, वायुगतिकीची, धातूंच्या थकव्याची आणि अभियंत्यांच्या चरित्रांची पुस्तके मांडली. स्थापत्य शाखेचे विद्यार्थी भौतिकशास्त्राची पुस्तके नेऊ लागले आणि यंत्र शाखेचे विद्यार्थी चरित्रे. त्या वर्षी ग्रंथालयाच्या कामाचा महाविद्यालयाने गौरव केला. सत्काराला उत्तर देताना मी बाईंचे नाव घेतले आणि हे सारे शाळेत शिकलो असे सांगितले.

मध्यंतरी शाळेत येणे झाले. नवी इमारत देखणी आहे, ग्रंथसंग्रहही पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे, आणि पुस्तकाचे नाव संगणकावर टाकले की त्याचा दाखल क्रमांक क्षणात समोर येतो. या सोयींचे मोल मी व्यवसायाने जाणतो. परंतु संगणकही नाव माहीत असणाऱ्यालाच उत्तर देतो. पुस्तके काचेच्या कुलूपबंद दारांआड आहेत, आणि जिथे मेज होते तिथे आता ढालींचे कपाट आहे. ढाली सर्वांना दिसाव्यात अशा मांडल्या आहेत आणि पुस्तके मात्र कण्यांनी ओळखायची आहेत, हे पाहून मला मनापासून वाईट वाटले. यात कुणा एकाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. मेज ही बाईंची वैयक्तिक आवड समजली गेली आणि त्या निवृत्त झाल्यावर ती त्यांच्याबरोबर गेली, एवढेच.

म्हणून महोत्सव समितीला माझी एक विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून जे काही उभे करायचे असेल ते अवश्य उभे करावे. दाराशेजारच्या मेजाचा, ठोकळ्यांचा आणि टेकूंचा खर्च मात्र माझ्याकडे सोपवावा. सध्याच्या ग्रंथपालांशी माझे बोलणे झाले आहे आणि त्यांची तयारी आहे. पहिल्या मांडणीसाठी आम्ही ‘पाणी’ हा विषय ठरवला आहे, कारण त्यासाठी हवामान, धरणे, मासे, समुद्रप्रवास, रोगप्रतिबंध आणि कविता अशा सहा कपाटांकडे जावे लागते. पुस्तके आठवीच्या विद्यार्थ्यांनीच शोधून आणावीत, राखीव पुस्तकांचे खोके मेजाखाली असावे आणि मधोमध ‘घरी न्यावे’ ही पाटी असावी, एवढ्या तीन अटी मी घातल्या आहेत, आणि त्या त्यांनी मान्य केल्या आहेत.