डाईंगचं पाणी

इंग्रजी लेखनाच्या कोर्समध्ये मी पर्यावरण मुद्दाम घेते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा झाला खरा, पण बहुतेक मुलांसाठी तो एका प्रोजेक्टपुरताच उरलाय. निबंध द्या, की झाडं आपले मित्र वगैरे गाइडमधून जसंच्या तसं उतरतं.

त्या दिवशी प्रोसेस रायटिंग होतं. घरच्यांच्या कामातली एखादी गोष्ट कशी तयार होते ते पायरीपायरीने लिहायचं. आत काय जातं हे लिहाल, तसं बाहेर काय पडतं तेही लिहा, एवढीच अट. बहुतेकांनी शेंगाची चटणी नि कडक भाकरी लिहिली.

सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, माझ्या तासाला कायम गप्प. वडील टॉवेल-चादरीचं सूत रंगवणाऱ्या डाईंगमध्ये कामाला. तिने लिहिलं होतं: सूत आधी सोडा घालून उकळतात. मग रंगाच्या पाण्यात पोत्याने मीठ ओततात, त्याने रंग सुताकडे ओढला जातो. पुन्हा सोडा घातला की रंग पक्का होतो. सुताला न धरलेला रंग धुऊन काढतात, पाणी नितळ येईपर्यंत. शेवटी होतं: आज कोणत्या रंगाची ऑर्डर आहे, हे आमच्या गल्लीला नाल्यावरून कळतं.

व्याकरणाच्या चुका भरपूर होत्या. तरी इतका नेमका परिच्छेद त्या वर्गात दुसरा नव्हता.

मी तो वाचून दाखवला आणि वाद पेटला. "असली डाईंग बंदच करायला पाहिजेत," एकजण म्हणाला. ती उठली. "बंद केल्यावर पप्पांनी कुठं जायचं?" मग मी फळ्यावर समजावलं, की रंग एक वेळ गाळात बसवता येतो, विरघळलेलं मीठ तसं निघत नाही, त्याला आरओसारखी यंत्रणा लागते आणि तिचा खर्च छोट्या मालकाला एकट्याने झेपत नाही. हे कळल्यावर प्रश्नच बदलला: खर्च कुणी उचलायचा?

पुढचा धडा औपचारिक पत्राचा होता, तो तिथेच सुरू केला. तक्रार अर्ज लिहायला ती तयार होईना. छोट्या डाईंगांना मिळून सांडपाणी शुद्ध करण्याची सोय कशी करता येईल, एवढीच विचारणा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची, असं तिनेच ठरवलं. बंद करा म्हणणारा मुलगा मसुदा लिहायला तिच्या शेजारी बसला.