आमची वाटचाल : चार ओळींचा कागद

व्हायरस काढायला आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरबरोबर आमच्याकडे एक छापील कागद फिरतो. विंडोज ९८ च्या दिवसांत त्यावर चारच ओळी होत्या : स्वच्छ फ्लॉपीवरून बूट करा (म्हणजे मशीन त्या फ्लॉपीवरून सुरू करा), स्कॅन लावा, सापडेल ते साफ करा, मशीन परत द्या. आज तो पाठपोट भरलाय. आमच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या व्यवसायाची वाटचाल म्हणजे या कागदाची वाढ, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या व्हायरसनं लिहायला लावलेली आहे.

त्या चारांतली पहिली ओळ मात्र अजून टिकून आहे, फक्त फ्लॉपी गेली. चालू विंडोजमध्ये बसलेला व्हायरस स्कॅनरच्या आधी जागा झालेला असतो. स्कॅनरनं फाइल मागितली की तो भलतंच पुढे करू शकतो. म्हणून बाहेरून बूट करायचं. तेव्हा फ्लॉपीची कोपऱ्यातली खिडकी उघडी आहे ना, हे बघायचं, नाहीतर साफ करायला घातलेल्या फ्लॉपीलाच लागण व्हायची. आता ते काम विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन करतो किंवा रेस्क्यू पेन ड्राइव्ह. एक सावधगिरी : डिस्क विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शननं कुलूपबंद असेल तर बाहेरून बूट करण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा. ऐनवेळी ती शोधत बसणं फार महागात पडतं.

सीआयएच हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर फुटला. डिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसायचा आणि काही मदरबोर्डांवर बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपवरही कचरा लिहायचा. मग स्क्रीनवर काहीच नाही. चिप काढून प्रोग्रॅमर नावाच्या यंत्रावर पुन्हा लिहायची. प्रोग्रॅमच्या फाइलमधल्या रिकाम्या जागांत तो तुकड्यातुकड्यांनी बसायचा, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे. ‘आकार तोच आहे, म्हणजे फाइल चांगली’ हा आडाखा त्यानं मोडीत काढला. ‘आधी डेटाची प्रत, मग साफसफाई’ ही ओळ त्याच्यामुळे आली.

ऑगस्ट २००३ मधल्या ब्लास्टर या व्हायरससाठी कुणालाही काही उघडावं लागलं नाही. नेटची वायर जोडलेली असणं पुरे. पोर्ट १३५ या नेटवर्कच्या दारातून तो आत यायचा आणि विंडोज ६० सेकंदांची उलटी मोजणी दाखवून बंद व्हायचं. साफ करून वायर लावली की पुन्हा तेच. खरी दुरुस्ती क्रमात होती : वायर काढा, कमांड प्रॉम्प्टवर ‘शटडाउन -ए’ देऊन मोजणी थांबवा, फायरवॉल चालू करा, सीडीवरून पॅच (ते भोक बुजवणारं अपडेट) टाका, मग ब्लास्टर काढा आणि सगळ्यात शेवटी वायर लावा. गंमत म्हणजे तो पॅच जुलैतच आलेला होता. भोक आधी बुजवायचं, पाणी नंतर उपसायचं.

पेन ड्राइव्हचा काळ सगळ्यात लांबला. ‘ऑटोरन.इन्फ’ ही दोन-चार ओळींची फाइल ड्राइव्हवर असायची आणि ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की व्हायरस चालू. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हचं ऑटोरन अपडेटमधून बंद केलं, तेव्हा तो मार्ग आटला. त्या जागी आला शॉर्टकट व्हायरस, आणि तो अजून येतो. ड्राइव्ह उघडला की फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात, आणि लोक ‘डेटा उडाला’ म्हणून फॉरमॅट मारतात. डेटा बहुधा तिथेच असतो. फोल्डरांवर हिडनबरोबर सिस्टिमचीही खूण लावलेली असते, म्हणून प्रॉपर्टीजमधली हिडनची टिक काढता येत नाही, ती करडी दिसते. कमांड प्रॉम्प्टवर ‘ॲट्रिब’ या कमांडला वजा एच, वजा आर, वजा एस देऊन, पुढे ड्राइव्हचं अक्षर आणि सबफोल्डरांसाठी एस व डी हे स्विच लावले की सगळं वर येतं. तरीही रिकामंच दिसलं तर नाव नसलेला एखादा फोल्डर शोधा. काही प्रकार सगळा डेटा अशा फोल्डरात हलवतात. त्याचं नाव म्हणजे न दिसणारं एक अक्षर असतं. पण आधी कॉम्प्युटर साफ करा, मग ड्राइव्ह. टास्क मॅनेजरमध्ये ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालू असेल तर साफ केलेला ड्राइव्ह काही सेकंदांत पुन्हा शॉर्टकटांनी भरतो.

फॉरमॅटला आमचा सरसकट विरोध नाही. सॅलिटी किंवा विरुट हे व्हायरस लागलेलं मशीन आम्ही साफ करत बसत नाही. हे प्रोग्रॅमच्या ‘ईएक्सई’ फाइलींमध्ये शिरत सुटतात, आणि विरुट तर शिरताना काही फाइली कायमच्या बिघडवून ठेवतो. अँटिव्हायरसनं त्याला काढलं तरी प्रोग्रॅम चालत नाही. फोटो आणि कागदपत्रं तेवढी काढायची. ‘ईएक्सई’, ‘एससीआर’ (स्क्रीन सेव्हर) आणि सेव्ह केलेली वेब पानं बॅकअपमध्ये घ्यायची नाहीत, कारण विरुट त्या पानांतही आपली ओळ घुसवतो.

आज कागदावर सगळ्यात जास्त जागा खाणारा भाग ‘तो परत कुठून उठतो’ हा आहे. फाइल डिलीट करणं हे सोपं काम. रीस्टार्टनंतर ती परत आली तर तिला उठवणारा कुणीतरी दुसरीकडे बसलेला असतो. यासाठी विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं याची यादी दाखवणारं सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स हे आमचं रोजचं हत्यार. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या, फाइलींची डिजिटल सही तपासण्याचा पर्याय चालू करायचा. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाची पक्की सही नाही, पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. गुलाबी दिसली की लगेच पुसायची नाही. प्रिंटरची जुनी सॉफ्टवेअरंही गुलाबी दिसतात. टिक काढा, रीस्टार्ट करा, काही अडलं नाही तर मग पुसा. लॉगऑन, शेड्युल्ड टास्क, सर्व्हिसेस आणि डब्ल्यूएमआय हे चार टॅब नीट वाचा. त्यातही शेड्युल्ड टास्क आधी. ‘अपडेट’ अशा साळसूद नावाचं टास्क दर तासाला ‘ॲपडेटा’ फोल्डरातली एखादी फाइल चालवत असेल तर चोर सापडला.

त्याच्या जोडीला डिफेंडरमधली एक्सक्लुजनची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची, यादी उघडून बघाच. मालवेअर तिथे कधीकधी पूर्ण सी ड्राइव्ह टाकून ठेवतं. मग कितीही वेळा स्कॅन लावा, ‘धोका नाही’ हेच उत्तर येणार.

ब्राउझरच्या तक्रारींतल्या कितीतरी तर व्हायरसच नसतात. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’ अशी पाटी सारखी येते, ती कुठल्यातरी वेबसाइटला चुकून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. स्कॅनमध्ये काही सापडत नाही, कारण सापडण्यासारखी फाइलच नाही. परवानगी काढली की पाटी गेली. मात्र घरच्या मशीनवर ‘हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते’ असं दिसलं, तर रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या) पॉलिसीज तपासा. तिथून बसवलेलं एक्स्टेन्शन नेहमीच्या बटणानं निघत नाही. नेटची वाट भलतीकडे वळवू शकणारे प्रॉक्सी, होस्ट्स फाइल आणि राउटरमधला डीएनएस याच बैठकीत बघून टाकायचे.

रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं मालवेअर, आलं असेल तर पहिल्या पाच मिनिटांत नेट तोडा आणि बॅकअपची डिस्क उपटून घ्या. कुलूप लागलेल्या फाइली आणि खंडणीची चिठ्ठी पुसू नका, ओळख पटवायला त्याच लागतात. घरगुती मशीनवर दिसणाऱ्या स्टॉप या प्रकारात सी ड्राइव्हवरच्या ‘सिस्टिमआयडी’ फोल्डरात ओळखक्रमांकाची फाइल असते. क्रमांकाच्या शेवटी ‘टी१’ असेल तर ऑफलाइन, म्हणजे त्या प्रकारात सगळ्यांना एकच असलेली, की वापरली गेली आहे, म्हणजे त्या प्रकाराची की उपलब्ध झाल्यास फाइली परत मिळण्याची आशा. इतर क्रमांकांसाठी बॅकअप हाच भरवसा. नो मोअर रॅन्सम या २०१६ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या सहभागानं सुरू झालेल्या उपक्रमावर उपलब्ध साधनं फुकट मिळतात. पैसे देऊन फाइली सुटतीलच याची हमी नाही.

कागदाची मागची बाजू अलीकडे भरली ती पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमांमुळे. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरची फाइल येते पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. किंवा ‘मी रोबोट नाही’ असं दाखवणारं पान विंडोज आणि आर (यानं रन खिडकी उघडते), मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगतं. चोर काही मिनिटांत काम उरकतो आणि कित्येकदा स्वतःला पुसून जातो. स्कॅन कोरा येतो, तरी चोरी झालेली असते. त्या रन खिडकीत काय चिकटवलं गेलं, ते रजिस्ट्रीत चालू युजरच्या ‘रनएमआरयू’ या कीमध्ये बरेचदा जसंच्या तसं वाचायला मिळतं.

इथे मशीन साफ करणं हे अर्धंच काम. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलायचे आणि सुरुवात ईमेलपासून करायची, कारण बाकी सगळ्या खात्यांचे रीसेट तिथेच येतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हेही दाबा. चोरानं कुकी नेलेली असते, म्हणजे आधीच लॉगिन झाल्याचा पुरावा. त्याला ओटीपी कुणी विचारतच नाही. मेलमधले फॉरवर्डिंगचे नियम आणि रिकव्हरीचा नंबरही तपासा.

आणि आजची सगळ्यात वरची ओळ व्हायरसची नाहीच : ‘डिस्कची तब्येत’. ‘व्हायरसमुळे स्लो’ म्हणून आलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा धुळीनं बसलेला पंखा किंवा मरायला टेकलेली हार्ड डिस्क निघते. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या, अहवालात सी५, म्हणजे वाचता न येणारे पण अजून न बदललेले सेक्टर, शून्याच्या वर असेल तर पूर्ण स्कॅन लावायचा नाही. तासन्‌तास सगळी डिस्क घासून काढताना ती मध्येच दम तोडू शकते. आधी क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, मग क्लोनवर काम.

मशीन परत देण्याआधी डिझम या विंडोजच्या कमांडनं विंडोजच्या मूळ फाइलींचा साठा दुरुस्त करायचा आणि त्यानंतर बिघडलेल्या सिस्टिम फाइली बदलणारं ‘एसएफसी’ चालवायचं. उलटा क्रम नको, कारण एसएफसी त्याच साठ्यातून फाइली उचलतं. मग ऑटोरन्सची यादी साठवून मशीन दोनदा रीस्टार्ट करायचं. शटडाउन नाही, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतर विंडोजचा गाभा डिस्कवर ठेवलेला जसाच्या तसा परत येतो. तासभर नेट जोडून ठेवायचं, यादी पुन्हा काढायची आणि जुनीशी ताडून बघायची. एक ओळ जरी नवी आणि अनोळखी दिसली, तरी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून.