चॅसचा लाल ट्रॅकसूट

काल रात्री परत एकदा 'द रॉयल टेननबाम्स' बघितला. कितव्यांदा ते मोजणं मी कधीच सोडून दिलंय. २००१ चा पिक्चर, वेस अँडरसनचा, आणि ह्याचा विषय काढला की लोक पहिले रंगांवर, कपड्यांवर, त्या एकदम मधोमध बसवलेल्या फ्रेम्सवर बोलायला लागतात. ते सगळं आहेच, मलाही आवडतं, पण माझ्यासाठी हा पिक्चर चॅसचा आहे, म्हणजे त्या घरातल्या सगळ्यात चिडक्या मुलाचा, आणि आज त्याच्याबद्दलच लिहायचंय. (शेवटही सांगणार आहे, तेव्हा बघितला नसेल तर आधी बघून या.)

न्यूयॉर्कमधलं एक मोठं जुनं घर. तीन मुलं, तिघंही लहानपणीच नाव काढलेली. चॅस शाळकरी वयातच पैसे कमावणारा, मार्गो नाटकं लिहिणारी, रिची टेनिस चॅम्पियन. आई एथेलिन ह्यांच्यामागे भक्कम उभी आणि बाप रॉयल... काय सांगू, सुरुवातीलाच मुलं टेबलापाशी बसून विचारतात की तुम्ही वेगळे होताय ते आमच्यामुळे का, तर हा माणूस नाही म्हणतो पण तेवढ्यातही मुलांपायी आम्हाला काय काय सोडावं लागलं ते ऐकवतोच. मार्गो दत्तक आहे, तर कुणाशी ओळख करून देताना प्रत्येक वेळी 'माझी दत्तक मुलगी' म्हणणार. बाहेर फिरायला न्यायचं तर एकट्या रिचीला. आणि चॅसला तर ह्याने खेळताना छर्ऱ्याची बंदूक मारलीये, तेही दोघं एकाच टीममध्ये असताना! तो छर्रा चॅसच्या हातात अजून तसाच आहे. वर मुलाच्या लॉकरमधून बाँड चोरले. मोठा झाल्यावर चॅसने बापावर केस केली, त्याची वकिलीची सनद गेली.

मग बावीस वर्षांनी, हॉटेलचं बिल थकल्यामुळे तिथून हाकललेला रॉयल घरी येतो आणि सांगतो की मला पोटाचा कॅन्सर झालाय, सहा आठवडे उरलेत. साफ खोटं. एथेलिन दुसरं लग्न करायच्या विचारात आहे हे त्याला कळलेलं असतं, त्यासाठी ही सगळी धडपड. हेन्री शर्मन, ज्याच्याशी ती लग्न करणार आहे तो, हे पकडतो कारण त्याची बायको खरंच पोटाच्या कॅन्सरने गेलेली असते आणि ह्या आजारात माणूस कसा दिसतो हे त्याला माहितीये. मला हा सीन बघताना दर वेळी हेन्रीसाठी वाईट वाटतं. सगळं हसण्यावारी चाललंय आणि मधेच एक माणूस आठवण काढतो जी खरी आहे.

पकडला गेल्यावर घरातून निघताना रॉयल म्हणतो की हे गेले सहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, आणि निवेदक सांगतो की हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे खरंच आहे. मला ह्या वाक्याने पहिल्यांदा जो धक्का दिला तो अजून गेलेला नाही. माणूस खोटं बोलत बोलत घरात शिरला आणि तिथे बसून राहिल्यावर ते खोटं त्याच्याच नकळत खरं झालं. जीन हॅकमनशिवाय हे कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही, हा रोल वेस अँडरसनने त्याला डोळ्यासमोर ठेवूनच लिहिला होता आणि तो आधी करायला तयार नव्हता म्हणे. रॉयलचा राग येतो, खूप येतो, तरी तो फ्रेममध्ये नसला की घर रिकामं वाटतं.

पण चॅस. बेन स्टिलर. आदल्या वर्षी विमान अपघातात बायको गेलीये, तो स्वतः, दोन्ही मुलं आणि कुत्रा बकली वाचलेत. तेव्हापासून तो आणि मुलं लाल ट्रॅकसूटमध्ये, तिघंही सारखे. रात्री अपरात्री मुलांना उठवून आग लागल्याची प्रॅक्टिस करून घेतो, घड्याळ लावून, आणि मग सांगतो की आपल्याला फार वेळ लागला, आपण सगळे मेलो असतो. पूर्वी मी ह्या सीनला खूप हसायचे. आता हसू येतं पण घशात काहीतरी अडकतं, कारण त्या माणसाला झोपच लागत नाहीये आणि हे कुणाला सांगायचं तर कसं ते त्याला येत नाही, म्हणून तो स्टॉपवॉच घेऊन पळतोय. लाल रंगसुद्धा मला आता तसाच दिसतो, गर्दीत पोरं हरवली तर लांबूनही सापडावीत असा.

अशा मुलांना घेऊन रॉयल काय करतो तर रस्ता कसाही पळत ओलांडायला लावतो, कचऱ्याच्या गाडीला मागे लटकवतो, दुकानातून किरकोळ चोऱ्या करायला शिकवतो. चॅस भडकतो, बरोबरच आहे, मी पण भडकले असते. पण ती पोरं पहिल्यांदाच पोरांसारखी हसतात हेही तितकंच खरंय.

आमच्या घरात दोन माणसं बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. मी लहान होते, मला वाटायचं एक दिवस मोठं काहीतरी होईल, कुणीतरी रडेल, माफी मागेल. तसलं काहीच झालं नाही. एका दुपारी त्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, खिडकी लाव जरा, ऊन येतंय. त्याने लावली. झालं. त्या दिवसानंतर बोलायला लागले.

म्हणून मला तो लग्नाच्या दिवशीचा सीन इतका पटतो. गाडी येऊन घरावर आदळते, रॉयल दोन्ही नातवंडांना बाजूला खेचतो, बकली मात्र मरतो. सगळीकडे गोंधळ, आणि रॉयल तिथल्या तिथे आगीच्या बंबाबरोबर आलेल्या लोकांकडून त्यांचा डालमेशियन कुत्रा विकत घेतो आणि चॅसच्या पुढ्यात आणतो. लहानपणी चॅस डालमेशियनसारखे ठिपके असलेले उंदीर पाळायचा ना, तर बापाला एवढं तरी लक्षात होतं की काय असं मला दर वेळी वाटून जातं. चॅस बापाकडे बघतो आणि एवढंच म्हणतो की हे वर्ष मला फार जड गेलं, बाबा. रॉयल म्हणतो, मला माहितीये. जुना हिशोब नाही, बाँड नाहीत, छर्रा नाही. स्टिलरचा चेहरा त्या क्षणी एकदम लहान मुलासारखा होतो. मी इथे रडते, दर वेळी.

पुढे रॉयल अडुसष्टाव्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅकने जातो. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्याच्याजवळ फक्त चॅस असतो, ज्याने त्याला कोर्टात खेचलं होतं तोच. थडग्यावर रॉयलने आधीच लिहून ठेवलेला मजकूर, की बुडत्या युद्धनौकेतून कुटुंबाला वाचवताना मृत्यू. अर्थातच खोटं, पण तिथे उभं असलेलं कुणी ते बदलायला सांगत नाही.

चॅस आणि दोन्ही मुलं त्या दिवशीही ट्रॅकसूटमध्येच असतात, फक्त काळ्या. आणि सलामी द्यायला तिघं छर्ऱ्याच्या बंदुका वर करतात.