तुम्ही विचारलंत म्हणून: प्लांट आहेत तर गंगेवर फेस का?

"मॅडम, एवढे सांडपाण्याचे प्लांट आहेत ना नाशिकला, मग तपोवनाच्या खाली गंगेवर फेस कसा काय? प्लांट बंद ठेवतात का?" लग्नात, रिक्षात, कॉलेजच्या कँटीनमध्ये, मी सांडपाण्यावर रिसर्च करते हे कळलं की हा प्रश्न येतोच. (गोदावरीला आपण नाशिककर गंगाच म्हणतो, म्हणून तसंच लिहितेय.)

प्लांट व्यवस्थित चालू असला तरी फेस येऊ शकतो, हे आधी सांगते. आपल्याकडच्या जुन्या प्लांटमध्ये यूएएसबी पद्धत वापरलीय, म्हणजे हवा न फुंकता जिवाणूंकडून सांडपाणी साफ करून घ्यायची. नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात ती उभी केली, भारतात कानपूरला १९८९ मध्ये आली, तिकडच्या खऱ्या गंगेसाठी. टाकीत खालून सांडपाणी वर चढतं, मध्ये काळ्या गाळाचा थर असतो, त्यातले जिवाणू हवेशिवाय मैला खातात आणि मिथेन सोडतात. हवा फुंकायची नाही म्हणजे विजेचा मोठा खर्च वाचला, आणि आपल्या उन्हाळ्यात हे जिवाणू खूश असतात. मला ही पद्धत मनापासून आवडते, तिला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडते. पण तिची एक खोड आहे. कपडे धुवायच्या पावडरीत एलएएस नावाचं रसायन असतं, ऑक्सिजन मिळाला तर जिवाणू त्याला काही दिवसांत संपवतात, ऑक्सिजन नसेल तर ते जवळपास तसंच पुढे जातं. मग ते पाणी एखाद्या बंधाऱ्यावरून खाली आदळलं की झाला फेस! म्हणून यूएएसबीनंतर हवेची दुसरी टाकी लागतेच, आणि माझं नि माझ्या विद्यार्थ्यांचं काम नेमकं तिथलं आहे, कमीत कमी विजेत किती हवा द्यायची म्हणजे साबणही जाईल आणि बीओडीही उतरेल.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन ओढतात त्याचं माप. आपल्याकडे बाटली २७ डिग्रीला ३ दिवस ठेवून मोजतात. त्यामुळे सोमवारी नमुना आणला तर गुरुवारपर्यंत कुणी कितीही फोन करा, माझ्याकडे उत्तर नसतं.

आता फेसापेक्षा मोठी गोष्ट, जी कुणी विचारतच नाही. अंघोळीच्या नदीत बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. समजा प्लांटने एकदम छान काम करून १० बीओडीचं पाणी सोडलं आणि वरून येणाऱ्या नदीचा बीओडी २ आहे. मग तीनवर यायला प्लांटच्या पाण्याच्या सातपट नदीचं पाणी लागतं. प्लांटने ३० चं सोडलं तर सत्तावीसपट! मे महिन्यात एवढं पाणी कुठून आणायचं, ते वर गंगापूर धरणात अडवलेलं असतं, आपल्याच नळांसाठी आणि शेतीसाठी. म्हणजे उन्हाळ्यात खालची नदी बरीचशी आपण वापरून सोडलेलं पाणीच असते. प्लांट वाढवा, जरूर वाढवा, पण नदीत पाणीच नसेल तर ती नदी राहत नाही, नुसता नाला होतो, असं माझं ठाम मत आहे आणि मी ते दर मीटिंगमध्ये बोलते.

माझे मामा चांदोरीला असतात, खालच्या अंगाला, त्यांची मोटर याच नदीवर. सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच. गेल्या उन्हाळ्यात ओट्यावर बसून त्यांना हे सातपटीचं गणित खडूने काढून दाखवलं. ते त्यांनी पक्कं धरून ठेवलंय, आता फोन केला की माझी तब्येत नंतर, आधी विचारतात, "धरणातून किती सोडलंय गं?"