छपरीतला उजेड

गळ्यात कॅमेरा दिसला की विदर्भात पहिला प्रश्न ठरलेला: "वाघाचा हाय का एखांदा?" यात विचारणाऱ्याची काही चूक नाही. ताडोबा, पेंच, नागझिरा ही नावं घराघरांत गेलेली आहेत, आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. नवा हौशी फोटोग्राफरही त्याच वाटेनं जातो. पहिला मोठा खर्च लांबचं जवळ आणणाऱ्या १५०-६०० मिलिमीटरच्या लेन्सवर. दोन किलोचं ते धूड वर्षातून दोन सफारींना बाहेर निघतं आणि उरलेला काळ कपाटात बुरशीची वाट पाहतं. रोजचं जगणं मात्र वावरात, पांदणीत, आखरावर, आठवडी बाजारात आणि सगळ्यात जास्त घरापुढच्या छपरीत चाललेलं असतं. तिथं ६०० मिलिमीटर काय कामाचं?

मुळात आपल्याकडचं ऊन हेच फोटोग्राफीचं पहिलं प्रकरण. सूर्य क्षितिजावरून सहा अंश वर चढायला इथं अर्धा तासही लागत नाही. तोवरचाच मऊ, पिवळसर उजेड म्हणजे सोनेरी प्रहर; फोटोग्राफीच्या पुस्तकांतला लांबलचक प्रहर थंड देशांचा. आपल्याला त्यातलं चिमूटभर मिळतं. बुलढाणा आणि गोंदिया यांच्यात सुमारे चार रेखांशांचं अंतर आहे, म्हणजे गोंदियात दिवस साधारण पंधरा मिनिटं आधी उगवतो. मोबाइलमधलं सूर्योदयाचं ॲप नागपूरवर ठेवून खामगावकडे फिरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मे महिन्यात तर दुपारी बोलूच नका. चंद्रपूर-गडचिरोलीकडे २० मेच्या आसपास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. नवतपाही, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, त्याच सुमारास लागतो. अशा उन्हात माणसाचा फोटो काढला की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली आणि टकलावर पांढरा डाग. आणि लांबची लेन्स असेल तर आणखी एक रडगाणं: तापलेल्या काळ्या मातीवरची हवा लहरत असते, दोनशे फुटांवरचा बैलही पाण्यात पाहिल्यासारखा थरथरतो. मग लोक फोकसला दोष देतात, ट्रायपॉड घेतात, शटर वाढवतात. त्याला इलाज नाही. जवळ जायचं किंवा सकाळी सातच्या आत यायचं.

उरलेल्या वेळेसाठी छपरी आहे, आणि ती कोणत्याही विकतच्या लाइटपेक्षा सरस आहे.

कारण साधं आहे. वर कवेलू (कौलं) किंवा टिना, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू अंगणाकडे उघडी. समोर अंगणात ऊन पडलेलं असतं, ते खालून वर उसळतं आणि छपरीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं. डोळ्यांचे खोबणे, टोपीखालची कपाळाची रेघ, पदराआडचा गाल, सगळं उजळतं. मागं घराचं दार उघडं असेल तर आतला अंधार आपोआप काळा पडदा होतो. माणसाला सावलीच्या कडेपासून दोन-तीन फूट आत बसवायचं आणि तोंड अंगणाकडे, पण थोडं तिरपं. अगदी कडेला बसवलं तर गुडघ्यावर किंवा खांद्यावर उन्हाची पट्टी येते आणि फोटोत ती पट्टीच तेवढी दिसते. फार आत नेलं तर उजेड सपाट होतो, डोळ्यांतली चमक जाते. ती चमक हाच खरा मापदंड. बुबुळात अंगणाचा उजळ तुकडा दिसतोय का ते पाहायचं. दिसला तर जागा बरोबर आहे. पूर्वेला तोंड असलेली छपरी दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी. ज्या वेळी ऊन थेट आत घुसतं त्या वेळी ती छपरी सोडून द्यावी आणि शेजाऱ्याची धरावी. गावात तेवढी मुभा असते.

आकडे हवे असतील तर असे: लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) १६ आणि शटर सुमारे १/१२५ सेकंद. त्याच वेळी छपरीच्या आत आयएसओ ४००, एफ २.८ आणि १/२५० च्या आसपास. ढग, भिंतीचा रंग, छपराची उंची यांनी एखादा स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी, इकडेतिकडे होतो. एफ १.८ ची लेन्स आहे म्हणून १.८ वरच ठेवायचा हट्ट नको. साध्या क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ५० ची लेन्स पाच फुटांवरून १.८ ला जेमतेम अडीच इंच खोली स्वच्छ देते. म्हातारीचा एक डोळा स्पष्ट आणि कानातली बुगडी धुरकट, असा फोटो तिला दाखवला की ती विचारणारच, "माही बुगडी कुठी गेली?"

लेन्स कोणती, यावर लोक ५० म्हणतात कारण ती स्वस्त आहे. पण छपरी सहा-सात फुटांची असते. क्रॉप कॅमेऱ्यावर बसलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत यायला ५० ने नऊ फूट मागं सरकावं लागतं. म्हणजे फोटोग्राफर अंगणात, उन्हात, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर सगळा चकाकाट. ३५ ने तेच काम साडेसहा फुटांत होतं. गावात राहून रोज फोटो काढायचे असतील तर पहिली लेन्स ३५ घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ५० नंतर, फक्त चेहऱ्यांसाठी.

रंगाचा घोळ सावलीतच जास्त होतो. सावलीला उजेड देतं ते निळं आकाश, म्हणून चेहरे निळसर येतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग सावरायची सोय) ७००० केल्व्हिनच्या आसपास नेला की निळेपणा उतरतो. अंगण मुरमाचं असेल तर खालून तांबूस उजेड येतो आणि बरंच काम आपोआप होतं. ताजं सारवलेलं अंगण मात्र उजेड पिऊन घेतं. हे सगळं सावरता येतं. सावरत नाही ती हिरवी जाळी आणि निळी ताडपत्री. हिरव्या जाळीखालच्या माणसाचा हिरवेपणा काढायला गेलं की मागची चुन्याची भिंत गुलाबी होते, आणि भिंत नीट केली की माणूस पुन्हा हिरवा. लग्नाच्या मांडवात हाच खेळ रंगीत कापडाचा असतो. तिथं दोन पावलं चालून पांढऱ्या कापडाखाली किंवा झाडाच्या दाट सावलीच्या कडेला यायचं. ते जमत नसेल तर फोटो काळापांढरा करून मोकळं व्हावं. कुणी विचारलं तर कलात्मक आहे म्हणावं.

जुन्या कवेलूच्या घरात आणखी एक चीज असते, कवडसे. कवेलू सरकलेलं असतं, फटीतून ऊन येतं आणि सारवलेल्या जमिनीवर गोल ठिपके पडतात. फट वाकडीतिकडी असली तरी ठिपका गोलच, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते; खंडग्रास ग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरी होतात. चूल पेटली की धुरात कवडशाची तिरपी काठी उभी राहते. ती टिपायची तर कॅमेऱ्याच्या मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही. कॅमेरा अंधाराला पाहून सगळं उजळ करतो, काठी धुक्यात विरघळते. दोन स्टॉप कमी करायचं, धूर मागच्या काळवंडलेल्या भिंतीसमोर येईल असं उभं राहायचं आणि चुलीशी बसलेल्या बाईला काम थांबवायला सांगायचं नाही. तिनं फुंकणी उचलली की धूर फिरतो, तेव्हा चार-पाच फोटो सलग. टिनांची घरं वाढली तसे कवडसे कमी झाले. टिनाला खिळ्याचं भोक असतं, पण त्यातला ठिपका एकुलता एक.

मोजमापाचा हाच गोंधळ पांढऱ्या-काळ्याच्या बाबतीत उलटसुलट होतो, आणि आपला मुलूख तर निम्मा पांढरा, निम्मा काळा आहे. कॅमेऱ्याला जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम करडी वाटते. वेचलेल्या कापसाचा ढीग चौकटभर घेतला की तो मळक्या लोकरीसारखा येतो. तिथं एक ते दीड स्टॉप वाढवायचं. नांगरलेलं काळं वावर चौकटभर घेतलं की माती राखेसारखी होते. तिथं एक स्टॉप कमी करायचं. आणि काळ्या वावरात पांढरा गवळाऊ बैल उभा असेल तर? मापन बैलावर. बैलाच्या पाठीवरचा केस न केस जळून पांढराफटक झाला तर तो परत आणता येत नाही, मातीतला अंधार मात्र रॉ फाइलमधून (सेन्सरनं टिपलेली कच्ची, न आवळलेली फाइल) बराच उपसता येतो. स्क्रीनवर जळालेली जागा लुकलुकून दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती पोळ्याच्या आदल्या दिवशीच चालू करून ठेवावी. पोळा श्रावणी अमावस्येचा, आभाळ बहुधा भरलेलं, तोरणाखाली जोड्या उभ्या राहीपर्यंत उजेड उतरलेला. तोरण सुटलं की बैल धावतात, शटर १/५०० च्या खाली नको, मग आयएसओ १६०० झाला तरी चालेल. उभं राहायचं ते बाजूला. समोरून भारी फोटो येतो हे खरं, पण बैलाला फोकस कळत नाही. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला ही धास्ती नाही; फक्त लाकडी बैलाच्या डोळ्याइतकं खाली बसता आलं पाहिजे.

धुळीचं म्हणाल तर ऑक्टोबरात सोयाबीनचं थ्रेशर चालू असताना लेन्स बदलणं हा गुन्हा आहे. कुटाराची (भुशाची) धूळ बारीक, हलकी, आणि सेन्सरवर जाऊन बसते. बदलणं भागच असेल तर कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे, पाठ वाऱ्याला, आणि दुसरी लेन्स आधीच झाकण सैल करून हाताशी. डाग पडला का हे घरी एफ १६ वर चुन्याच्या भिंतीचा मुद्दाम धुरकट फोटो काढला की कळतं. फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो, कारण प्रतिमा उलटी पडते. रबरी फुग्यानं, कॅमेरा उपडा धरून, हवा मारायची. तोंडानं फुंकणाऱ्यांच्या सेन्सरवर खर्ऱ्याचे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचे) शिंतोडे उडतात; मग दुरुस्तीवाल्याचं दर्शन घ्यावं लागतं.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. अकोल्या-चंद्रपुराकडे पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा ते वाचून हसू येतं. कॅमेरा तरी चालतो, पण गाडीच्या डिक्कीत तासभर ठेवला तर बॅटरीचं आयुष्य घटतं आणि गरम सेन्सर रात्रीच्या लांब एक्सपोजरमध्ये लाल-निळे ठिपके देतो. पांढरा सुती दुपट्टा गुंडाळून, सावलीच्या बाजूला, खांद्यावरच्या पिशवीत. काळी बॅग दिसते छान, तापते त्याहून छान. उन्हाळ्यात बुरशीची मात्र काळजी नको, हवाच कोरडी असते, अपवाद कूलरचा. वाळ्याच्या ताटीतून येणाऱ्या ओल्या झोतासमोरच्या कपाटात लेन्स ठेवणारे लोक मे महिन्यातच पावसाळा विकत घेतात.

खरा पावसाळा आला की हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान. ६० च्या वर राहू लागला आणि जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तासभर परतून घ्यायचं, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नाही. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षारद्रव्य असतं. चामड्याचं कव्हर डब्यात ठेवायचं नाही, बुरशी आधी त्यालाच लागते. दर पंधरवड्याला लेन्समध्ये टॉर्च मारून पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती लेन्स बाकीच्यांपासून दूर ठेवून आधी दुरुस्तीला.

रात्रीच्या भजनात, कीर्तनात एलईडी बल्बखाली फोटोवर आडव्या काळ्या पट्ट्या येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्ट्या गेल्या.

एवढं सगळं करून फोटो निघतो आणि मग खरी मागणी सुरू होते: "मले पाठवजो भाऊ, व्हाट्सपवर." पाठवावा, पण डॉक्युमेंट म्हणून. साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, आणि तोच पुढं तालुक्याच्या स्टुडिओत मोठा करायला दिला जातो. गावात फोटो मोठा करायची वेळ बहुतेक एकाच कारणानं येते. त्या दिवशी घरात सापडतो तो आधार कार्डावरचा चेहरा किंवा लग्नाच्या घोळक्यातून कापलेला अर्धा खांदा. म्हणून छपरीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक नीट, डोळे उघडे असलेला, छातीपर्यंतचा फोटो काढून ठेवावा आणि ८ बाय १२ ची प्रत घरी नेऊन द्यावी. ८ बाय १२ अशासाठी, की कॅमेऱ्याची चौकट ३ बाय २ ची असते आणि त्यात काही कापलं जात नाही. ८ बाय १० ला लांबीतून कापलं जातं, आणि मोबाइलच्या आडव्या ४ बाय ३ च्या फोटोची ४ बाय ६ प्रत काढली की नेमका फेटा जातो.

लॅबवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगायच्या. एक, "गोरं करू नको." त्याची बोटं सवयीनं तिकडंच जातात, उन्हातान्हात रापलेला चेहरा मैद्यासारखा होऊन येतो आणि घरचे ओळखत नाहीत, वर कौतुक करतात. दुसरं, कागद मॅट घ्यायचा आणि फ्रेमच्या काचेला टेकवायचा नाही, मध्ये पुठ्ठ्याची किनार ठेवायची. चकचकीत प्रत काचेला भिडली की एका पावसाळ्यात चिकटते, आणि सोडवायला गेलं की चेहरा काचेवर राहतो.