संत्री गोडच होती

इंदूरला सांवेर रोडवरच्या एका छोट्या ज्यूस युनिटमध्ये मी मालाची तपासणी बघते. त्या सकाळी मालक तावातावानेच आले. आदल्या दिवशी भरलेल्या बाटल्या कडू निघाल्या होत्या. आगर-माळव्याहून संत्री पाठवणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे त्यांनी अडवून धरले होते.

मी क्रेटमधलं संत्रं सोललं. गोड. मशीनमधून नुकताच निघालेला रस चाखला, तोही गोड. मग मी प्रेसखालचा चोथा मुठीत घेतला. कोरडा ठणठणीत, आणि त्यात बियांचा पार भरडा झालेला.

"काका, प्रेस आवळलीत का?" मी मशीन चालवणाऱ्या काकांना विचारलं.

"हो ताई, रसाचा उतारा वाढवायला सांगितलं होतं ना."

फोडींवरच्या पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. बी-पापुद्रा चिरडला की ते आंबट रसात उतरतं आणि काही तासांत त्याचं लिमोनिन हे कडू द्रव्य होतं. रस तापवला तर हेच झपाट्याने होतं. दहा लाख भागांत पाच-सहा भाग लिमोनिन असलं तरी जिभेला कळतं. म्हणून फळ खाताना गोड आणि बाटली कडू!

नुसतं सांगून मालकांना पटलं नसतं. थोड्या फोडींच्या बिया काढून हलक्या हाताने रस काढला, लगेच गाळला. तो आणि मशीनचा रस, दोन्ही सारखेच तापवले. मशीनच्या रसाचा पहिला घोट घेताच मालकांचं तोंड वाकडं झालं. दुसरा ग्लास त्यांनी संपवला. मशीनचा थोडा रस मी न तापवता ठेवला होता. संध्याकाळपर्यंत तोही कडवटला.

"साखर वाढवली तर?" त्यांनी विचारलं. साखरेने हा कडवटपणा पुरता झाकला जात नाही, मागाहून घशाशी येतोच.

रंगाचंही गाऱ्हाणं होतं. वाफेच्या कढईत रस हळूहळू तापतो, तोवर साखर, अमिनो आम्लं आणि क जीवनसत्त्व यांच्यामुळे तो तपकिरी पडतो, शिजका वास येतो. पातळ थरातून झटकन ९० अंशांवर नेऊन लगेच थंड केला तर केशरी टिकतो. पण तसं यंत्र घेण्याचा विषय मालकांनी पुढे ढकलला.

प्रेस मात्र काकांनी तेव्हाच सैल केली. उतारा घटला म्हणून मालक कुरकुरले, पण शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी सोडले.